एका माणसापुरता कायदा

सरकारी कामावर माणूस जायबंदी झाला तर त्याला भरपाई मिळावी, असा कायदा अमेरिकेत १९१६ साली झाला. पण त्यात मेख होती. दुखापतीची लेखी खबर ४८ तासांत, अर्ज ६० दिवसांत. सबळ कारण असेल तर फार तर वर्षभराची सवड. आता वाचकहो, तुम्हीच पाहा. समजा, टपालवाल्याच्या पाठीत चमक भरली. चार दिवस शेकून गडी कामावर गेला आणि तीन वर्षांनी अंथरुणाला खिळला. त्याने दाद कुठे मागावी? कचेरीचे हात कायद्यानेच बांधलेले!

मग असा माणूस आपल्या भागातल्या प्रतिनिधीला गाठी. प्रतिनिधी त्या एकट्याच्या नावाने विधेयक मांडी. त्याला दोन्ही सभागृहांची संमती, वर राष्ट्राध्यक्षांची सही. एवढे झाल्यावर पैसे हातात पडत का? छे! माफ होई तो फक्त उशीर. दुखापत कामावरच झाली, हे कचेरीपुढे शाबीत करणे उरेच. आणि मागल्या वर्षांची बाकी बहुधा बुडालेलीच. ज्याला प्रतिनिधीचे दार ठाऊक नव्हते, त्याला तर एवढेही नाही.

१९७४ साली अर्जाची मुदतच तीन वर्षांची झाली. आता उशिरा उघड होणाऱ्या दुखण्यात ती मुदत, दुखण्याचे मूळ कामात आहे हे माणसाला उमगल्यापासून मोजतात.