टेलनेट ते एसएसएच : राउटरच्या दाराचा इतिहास

प्रयोगशाळेत सिस्कोच्या राउटरवर एसएसएच सुरू करताना तुम्ही काही ठरावीक आज्ञा लिहिता. त्या कशासाठी, असे तोंडी परीक्षेत विचारले की उत्तर येते, "सुरक्षेसाठी." तेवढे पुरेसे नाही. यातील महत्त्वाच्या आज्ञा जुन्या चुकांतून आल्या आहेत. तो इतिहास कळला, तर पाठांतराची गरज फारशी उरत नाही.

दूरच्या संगणकावर काम करता यावे म्हणून १९६९ मध्ये अर्पानेटवर टेलनेटची सुरुवात झाली. १९८३ मध्ये आरएफसी ८५४ ने त्याचे प्रमाणित रूप ठरवले. सुरुवातीच्या जाळ्यावर मोजकी विद्यापीठे आणि संशोधन संस्था होत्या, त्यामुळे पासवर्डसह सगळी अक्षरे उघडी जात याची फारशी चिंता नव्हती. पुढे राउटर आणि स्विचही याच मार्गाने हाताळले जाऊ लागले. जाळे वाढले, अनोळखी माणसे आली. दार मात्र तेच राहिले.

१९९५ मध्ये फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रज्ञान विद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी चोरून पासवर्ड टिपले. तेथील संशोधक तातू युलोनेन यांनी त्यावर उपाय म्हणून एसएसएच लिहिले आणि त्याच वर्षी जुलैमध्ये सर्वांना मोफत दिले. एफटीपीचा पोर्ट २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ त्यांनी मागितला आणि तो मिळाला.

पहिली आवृत्तीही निर्दोष नव्हती. तिच्यातील सीआरसी-३२ ही तपासणी अपघाताने झालेली चूक पकडते, मुद्दाम केलेला फेरफार नाही. चालू संवादात परका मजकूर घुसवता येतो, हे १९९८ मध्ये दिसून आले. दुसऱ्या आवृत्तीने ही उणीव दूर केली. २००६ मध्ये तिचे आरएफसी प्रसिद्ध झाले.

आता आज्ञांकडे पाहा. होस्टनेम आणि डोमेन नेम यांवरून किल्लीला नाव मिळते. मग आरएसए किल्ली तयार होते; ती किमान २०४८ बिटची घ्या. 'आयपी एसएसएच व्हर्जन २' हा १९९८ चा धडा आहे. व्हीटीवाय लाइनवरील 'लॉगिन लोकल' प्रत्येकाला स्वतंत्र युजरनेमने आत घेते. 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच' हा १९९५ चा धडा, आणि विद्यार्थी नेमका हाच विसरतात. एसएसएच चालते म्हणून ते निर्धास्त होतात. टेलनेटचे दार मात्र उघडेच असू शकते.

म्हणून काम झाल्यावर दोन गोष्टी तपासा. एसएसएचने आत जाता आले पाहिजे आणि टेलनेटने जाता येता कामा नये. दुसरी तपासणी केल्याशिवाय प्रयोग पूर्ण झाला असे समजू नका. शंका असेल तर प्रयोगशाळेतील राउटरवर टेलनेट तात्पुरते सुरू करा, लॉगिन करताना वायरशार्कने पॅकेट पकडा आणि तुमचाच पासवर्ड पडद्यावर वाचा.