तैयब मेहता यांच्या चित्रांतली माणसं दुभंगलेली का दिसतात?

कॅनव्हास कापत जाणारी एक तिरकी रेघ. तिच्या दोन्ही बाजूंना विखुरलेलं शरीर: इकडे हात, तिकडे पाय, मध्येच उघडं तोंड. मागे ना घर, ना झाड, फक्त सपाट रंग. असं चित्र दिसलं, तर ते तैयब मेहता यांचं असण्याची शक्यता मोठी आहे.

सुरुवात कुठून झाली?

मेहतांचा जन्म १९२५ चा, गुजरातमधल्या कपडवंजचा. वाढले मुंबईत. १९४७ च्या दंगलीत मोहम्मद अली रोडवरच्या घराच्या खिडकीतून त्यांनी जमावाला एका तरुणाचा जीव घेताना पाहिलं. ते दृश्य आयुष्यभर पुसलं गेलं नाही. पुढे त्यांच्या चित्रांत कोसळणारी माणसं आली, कत्तलखान्यात पाय बांधून पाडलेला बैल आला. १९७० च्या 'कूडल' या त्यांच्या लघुपटातही हा बैल आहे.

मग ती रेघ कधी आली?

१९६८ मध्ये फेलोशिपवर ते न्यूयॉर्कला गेले. तिथे बार्नेट न्यूमन यांची मोठ्ठी, सपाट रंगांची अमूर्त चित्रं त्यांनी पाहिली आणि हादरले. परतल्यावर हातातलं चित्र काही केल्या जमेना. वैतागून त्यांनी कॅनव्हासवर एक तिरका फटकारा मारला. त्यातूनच 'डायगोनल' मालिका उभी राहिली.

म्हणजे हे अमूर्त चित्र आहे का?

अर्धं. रंगांचे सपाट पट्टे आणि रेघ अमूर्त कलेतून आलेत. पण माणूस मात्र मेहतांनी सोडला नाही. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्येच शिकलेले वासुदेव गायतोंडे मानवाकृती मागे टाकून पूर्ण अमूर्ताकडे गेले. मेहतांची माणसं तुटली, पण नाहीशी झाली नाहीत. पुढे काली आणि महिषासुरही याच भाषेत आले. रक्त न दाखवताही हिंसा दाखवता येते, हे त्या रेघेने सिद्ध केलं.

आज चर्चा कशाची होते?

बहुतेक वेळा किमतीची. २००२ मध्ये 'सेलिब्रेशन' सुमारे दीड कोटींना विकलं गेलं, तर २०२५ मध्ये बांधलेल्या बैलाचं १९५६ चं चित्र ६१.८० कोटींना. २००९ मध्ये मेहतांचं निधन झालं.

पुढच्या वेळी लिलावाची बातमी शेअर कराल, तेव्हा आकड्याआधी त्या बैलाचे बांधलेले पाय बघा.