सोयाबीन आणि त्याचा सोबती

आपल्या स्वयंपाकघरांतील तेलाच्या डब्यावर आज सोयाबीनचें नांव सहज आढळतें. विदर्भ-मराठवाड्यांतील शेतांतही तें आतां परकें राहिलेलें नाहीं. परंतु हें चिनी धान्य प्रथम परमुलखांत गेलें तें एकटेंच. त्याचा सोबती मायदेशींच राहिला.

1873 सालच्या व्हिएन्ना येथील प्रदर्शनांत आशियांतून आलेलें सोयाबीन फ्रीडरिख हाबरलांट या प्राध्यापकाच्या नजरेस पडलें. त्यानें बी मिळवून मध्य युरोपांत ठिकठिकाणीं पेरविलें. पीक उगवे, पण वाटाण्याच्या मुळांवर दिसतात तशा गांठी याच्या मुळांवर बहुधा नसत. त्यांचें महत्त्वच तोंवर कोणास ठाऊक नव्हतें. 1886 सालीं हेलरीगेल यानें बर्लिन येथें जाहीर केलें कीं, द्विदल पिकें या गांठींच्या योगें हवेंतील नत्र मिळवितात. दोनच वर्षांनीं हॉलंडांत बायरिंक यानें गांठींतील जंतु वेगळा करून वाढविला. मग कोडें उलगडलें: वाटाण्याचा जंतु सोयाबीनला चालत नाहीं! जातिभेद जमिनीखालींही आहे म्हणावयाचा. जपानांतील माती आणून घालतांच जर्मनींतील सोयाबीनला गांठी धरल्या.

1896 च्या सुमारास नोब्बे व हिल्टनर यांनीं असे जंतु बाटलींत भरून 'नायट्रॅजिन' या नांवानें विकावयास काढले. कल्पना खरी, पण माल लहरी. शेतांत पोंचेपर्यंत जंतु जिवंत राहतीलच याची शाश्वती नसे. म्हणून जुन्या शेताची माती गाडीनें नव्या शेतांत नेऊन टाकणें हा उपाय अमेरिकेंत चालूच राहिला. मला त्या शेतकऱ्यांचें शहाणपण प्रयोगशाळेपेक्षां उणें वाटत नाहीं.

या विद्येची खरी कसोटी ब्राझीलमध्यें लागली. चेकोस्लोव्हाकियांत जन्मलेल्या योहाना ड्योबेरायनर या बाई 1950 च्या सुमारास तेथें गेल्या व रिओजवळील सेरोपेदिका येथें संशोधन करूं लागल्या. 1960 नंतर तेथें सोयाबीनचा विस्तार होऊं लागला, तेव्हां त्यांनीं आग्रह धरला कीं, पिकाला नत्रखताची संवय लावूं नये. जंतूंच्या बळावर वाढतील अशाच जाती निवडाव्या. ज्या देशाला खत बाहेरून विकत आणावें लागतें, त्याच्या दृष्टीनें हा प्रश्न केवळ शास्त्राचा नव्हता, तिजोरीचा होता. आज जगांत सर्वांत अधिक सोयाबीन ब्राझीलमध्यें पिकतें, आणि तें बहुतांशीं नत्रखतावांचून.

आपल्याकडे हा जंतु पुडींतून मिळतो. साधारण दहा किलो बियाण्यास अडीचशें ग्रॅम, गुळाच्या पाण्यांत कालवून हलक्या हातानें चोळावयाचा आणि बी सावलींत सुकवून लगेच पेरावयाचें. बुरशीनाशक लावावयाचें तर तें आधीं. पुडी उन्हांत पडून राहिली तर आंतील जीव मरतात व शेतकऱ्याच्या हातीं नुसती काळी भुकटी येते. दुकानदार मात्र पैसे पुरते घेतो.

माल खरा होता कीं नाहीं, हें शेतांतच पाहतां येतें. पेरणीनंतर पांच-सहा आठवड्यांनीं एखादें रोप मुळासकट हळूच काढावें आणि गांठ नखानें फोडावी. आंत गुलाबी रंग दिसला, तर तेथें काम चालू आहे.