तळटीप : विमान हलू का द्यायचे नाही

‘संरेखन’ म्हणजे जडत्वीय दिशादर्शन यंत्रणेने उड्डाणापूर्वी क्षितिजपातळी आणि खरी उत्तर शोधून घेणे. विमान जागचे हलत नसेल तरच त्वरणमापकांना निव्वळ गुरुत्वाची दिशा मिळते आणि लेसर जायरोंना पृथ्वीचे तासाला 15 अंशांचे फिरणे पकडता येते. जयसिंगपूरच्या अक्षांशावर (सुमारे 16.8 अंश उत्तर) त्यातला आडवा भाग 14.4 अंश भरतो. ध्रुवाकडे तो घटतो, म्हणून तिकडे संरेखनाला वेळही अधिक लागतो. यंत्र एवढे हुशार, तर वैमानिकाने स्थान भरायचे कशाला, हा आक्षेप रास्त दिसतो. पण या फिरण्यावरून अक्षांश ताडता येतो, रेखांश नाही: जयसिंगपूर काय नि आंध्रातले एलुरू काय, यंत्राला जवळपास सारखेच. 10 मार्च 2015 रोजी सिडनीत एअरएशिया एक्सच्या विमानात 151 अंशांऐवजी 15 अंश रेखांश भरला गेला. स्थान 11,000 किलोमीटरांहून अधिक चुकले आणि क्वालालंपूरला निघालेले विमान मेलबर्नला उतरवावे लागले. आता उपग्रह स्थान पुरवतात, हे खरे. पण उभ्या विमानाचे नाक कोणत्या दिशेला आहे ते एकट्या अँटेनाला कळत नाही, शिवाय उपग्रहाचा क्षीण संकेत कुणालाही दडपता येतो.