काउंटच्या भरवशावर

खेचराच्या मागून चालू नका, बाजूनं चला. लाथ बसली तर जवळ वैद्य नाही, आणि जो आहे तो आधी तुमचं रक्त काढणार. साल १२४५, महिना जुलैचा, आणि तुम्ही फ्रान्समधल्या त्र्वा गावाच्या दक्षिण वेशीबाहेर गर्दीत उभे आहात. अंगात लिननचा सदरा, त्यावर गुडघ्याखाली पोचणारा लोकरी अंगरखा. घाम पाठीवरून ओघळून कमरपट्ट्याशी येऊन थांबतोय. लोकर भिजली की तिला मेंढीची आठवण येते. इथे आजूबाजूच्या सगळ्यांच्याच लोकरीला ती आलेली आहे.

पुढच्या खेचरांचा तांडा आल्प्सचा घाट उतरून आलाय. त्यांच्या पाठीवरच्या गोण्यांतून एक झणझणीत वास येतो आणि तुम्ही चमकून मान वर करता. मिरी! मलबारात वेलीवरून उतरवलेली, अरबी गलबतांतून तांबड्या समुद्रापर्यंत, तिथून अलेक्झांड्रिया, मग इटालियन जहाजांतून जिनोआ किंवा व्हेनिस आणि शेवटी खेचराच्या पाठीवरून इथवर. या गर्दीत तुमच्या ओळखीचं कुणी असेल तर ती एवढीच.

वेशीवर कुणी हटकलंच तर सांगा, काउंटच्या बाजाराला आलोय. तेवढं पुरतं.

काउंट म्हणजे शॅम्पेनचा काउंट. आणि शॅम्पेन म्हटल्यावर बूच उडणारी बाटली डोळ्यांपुढे आली असेल तर ती आधी खाली ठेवा. बुडबुडे यायला अजून चारशेहून जास्त वर्षं आहेत. सध्या शॅम्पेन हा एक मुलूख आहे आणि त्याचा धनी आहे थिबो चौथा. तुम्ही त्याला पाहिलेलं नाही, बहुधा पाहणारही नाही. पण काल रात्री रानातल्या वाटेवर तुमची मान कुणी कापली नाही, याचं श्रेय त्याला द्यायला हरकत नाही. इथल्या काउंटांनी पिढ्यान्‌पिढ्या एकच गोष्ट जिवापाड सांभाळली: बाजाराला येणारा माणूस सुखरूप यावा आणि सुखरूप जावा. शंभर वर्षांपूर्वी वेझलेच्या सराफांना वाटेत लुटलं गेलं, तेव्हा आताच्या काउंटच्या पणजोबांनी गप्प बसून सोसलं नाही. राजा धर्मयुद्धावर गेलेला, त्याच्या जागी मठाधिपती सुजेर कारभार बघत होता. त्याला त्यांनी पत्र धाडलं: लुटारूंकडून भरपाई करून द्या, असं चालू दिलं तर माझे बाजार बुडतील. लूटमार झाली होती राजाच्या हद्दीत, पण ती लागली काउंटच्या वर्मी.

चला आत. गल्ली इतकी अरुंद की दोन्हीकडच्या घरांचे वरचे मजले एकमेकांना टेकायला आलेत. लोकलच्या दारात उभं राहायची सवय इथे कामी येईल: कोपर बाहेर, पडशी पोटाशी. पायाखाली चिखल आहे आणि तो पावसाचा नाही. एक डुक्कर तुमच्या पोटरीला घासून निघून जातं, कारण त्याला तुमच्यापेक्षा घाई आहे. डावीकडून कातडी कमावणाऱ्यांच्या हौदांचा दर्प येतो, चुना आणि सडकं मांस एकत्र. मग वारा फिरतो आणि भट्टीतून निघालेल्या पावाचा वास तोंडाला पाणी आणतो. दोन्ही वास एकाच श्वासात घ्यायला शिका, इथली पोरं तशीच वाढतात.

वाटेत पाण्याचे पाट लागतील. थिबोच्या आजोबांनी, काउंट आंरीनं, सेन नदीचं पाणी गावात खेळवलं. त्यावर चक्क्या फिरतात, खाटीक आपली घाण सोडतात आणि खालच्या अंगाला बायका कपडे धुतात. कोण वर आणि कोण खाली, यावरून रोज भांडणं. पलीकडे टणटण ऐकू येतेय ना? कॅथेड्रलचं काम चाललंय. चाळीसएक वर्षांपूर्वी सुरू झालं, अजून तुमच्या नातवंडांनाही पुरेल. दगडाची भुकटी हवेत तरंगते आणि घामावर बसते.

सँ-जां चर्चच्या भोवती आलात की समजा पोचलात. शॅम्पेनच्या मुलखात वर्षाला सहा बाजार भरतात. कडाक्याच्या थंडीत लान्यीला, मग बार-सुर-ओबला, मे महिन्यात प्रोव्हँला, उन्हाळ्यात इथे, सप्टेंबरात पुन्हा प्रोव्हँला आणि हिवाळा लागता लागता परत इथे. एक उठला की दुसरा बसतो, वर्षभर चक्र थांबत नाही. इथल्या दोघांना लोक सरळ ‘उष्ण बाजार’ आणि ‘थंड बाजार’ म्हणतात. तुम्ही उष्ण बाजाराला आलात. नाव कसं पडलं ते विचारू नका, मान पुसा.

पहिला आठवडा नुसता गाठोडी सोडण्यात जातो. मग येतात कापडाचे दिवस. ईप्र, गेंट, दुए, आरास, उत्तरेकडच्या गावागावांतून लोकरी कापडाची ठाणं आलेली असतात. एका ठाणावर हात फिरवून बघा. इतकं दाट विणलेलं आणि कुटून घट्ट केलेलं की धागा दिसत नाही, बोटाखाली नुसती लव लागते. तो लालभडक रंग केर्मेस नावाच्या किड्यापासून काढलाय, म्हणून त्याची किंमत ऐकताना भिंतीचा आधार घ्या. लुक्का आणि सिएनाचे व्यापारी कापड उन्हात धरतात, नाकाशी नेतात, तोंड वाकडं करतात. विकणारा दुखावल्यासारखा छातीवर हात ठेवतो. दोघांनाही भाव आधीच ठाऊक आहे, पण इतक्या लांबून येऊन नाटक न करता कोण जाईल?

हे असं दहाएक दिवस चालतं. मग एका संध्याकाळी शिपाई ओरडत फिरतात: ‘‘हारे! हारे!’’ भजन सुरू झालं असं समजू नका. कापडाचा बाजार संपला, ठाणं गुंडाळा, असा त्याचा अर्थ. त्यापुढे कातडी, आणि शेवटी वजनावर विकला जाणारा माल: मिरी, आलं, दालचिनी, केशर, साखर, तुरटी.

वजनावर म्हणजे कुणाच्या वजनावर? इथेच काउंट पुन्हा भेटतो. माप त्याच्या देखरेखीखालचं. त्याचे अधिकारी तोलून देतात आणि तोलाईचे पैसे घेतात. ईप्रचा माणूस आणि जिनोआचा माणूस एकमेकांवर विश्वास ठेवत नाहीत, पण दोघेही या तराजूवर ठेवतात. जगभर सोन्याचा भाव आजही ज्या ट्रॉय औंसात निघतो, त्याचं नाव याच गावावरून पडलं असं मानतात.

आता थोडे पैसे बदलून घ्या. सराफ बाकामागे बसलाय, पुढ्यात छोटी तागडी आणि नाण्यांच्या राशी. तो तुमचं नाणं दगडावर वाजवतो, दाताखाली धरतो आणि बदल्यात मूठभर प्रोव्हँचे दनिए पुढे सरकवतो. एक उचलून निरखा. पातळ पत्रा, चांदीत तांबं मिसळलेलं, अंगठ्याच्या नखाहून जरासं मोठं. एका अंगाला क्रूस, दुसऱ्या अंगाला चक्क फणी! दात मोजता येतील अशी. काउंटचं हे फणीवालं नाणं इटलीतही इतकं चालतं की रोमच्या सिनेटनं त्याची नक्कल पाडली. बारा दनिएंचा एक सू, वीस सूंचा एक लिव्र. मात्र सू किंवा लिव्र हातात मागू नका. ती नाणी नाहीतच, नुसते हिशेबातले आकडे आहेत.

ऊन कललं की खानावळ गाठा. मटणाचा रस्सा, जाड काळपट पाव, वामाशाचं सारण भरलेली पेस्ट्री, चीज. बटाटा नाही, टोमॅटो नाही, आणि मिरची तर कुणाच्या स्वप्नातही नाही. ही सगळी अजून अमेरिकेत सुखानं नांदतायत. तिखटाची तलफ आलीच तर मिरीची पूड मागता येईल, पण मग रात्री झोपायला पैसे उरणार नाहीत. वाइन आंबूस आणि कोमट.

शेजारच्या बाकावरचा कारकून काउंटच्या दफ्तरात काम करतो. त्याला एक पेला पाजा आणि विचारा, तुमच्या धन्याची जमीन कुठून कुठपर्यंत? तो हसतो. एका कुंपणातली जमीन असती तर कारकून कशाला लागले असते? काउंटचा एक तुकडा फ्रान्सच्या राजाकडून आलेला, एक जर्मन सम्राटाकडून, एक बर्गंडीच्या ड्यूककडून, काही रँस आणि सांसच्या आर्चबिशपांकडून, काही सँ-दनीच्या मठाकडून. म्हणजे ज्याच्यापुढे हजारो लोक गुडघे टेकतात, तो स्वतःही इतक्यांपुढे गुडघे टेकून मोकळा झालाय. खालच्यांची यादी वेगळीच. आंरीच्या काळात एकदा सगळ्यांची नावं गढीवार लिहून काढली, ती भरली सुमारे दोन हजार. कोण कुणाचा माणूस, कुणी कोणत्या गढीवर किती दिवस पहारा द्यायचा, सगळं चामड्याच्या पानांवर. ‘‘काउंटची सत्ता तलवारीत नाही,’’ कारकून पेल्याकडे बघत म्हणतो, ‘‘आमच्या पेटाऱ्यात आहे.’’ पेला पुन्हा भरावा लागेल.

आता तो रंगात आलाय, म्हणून आंरीची गोष्ट सांगतोच. या काउंटला लोक ‘उदार आंरी’ म्हणत. एकदा तो सँ-एत्येनच्या चर्चमध्ये निघाला असताना एक गरीब सरदार पायरीवर गुडघे टेकून बसला. बरोबर दोन लग्नाच्या मुली, हुंड्याला पैसे नाहीत, काही द्या. मागे आर्तो उभा होता, काउंटच्या कृपेनं गबर झालेला व्यापारी. तो मध्येच म्हणाला, आमच्या धन्यानं इतकं वाटलंय की आता द्यायला काही उरलेलं नाही. काउंट वळला: उरलं नाही कसं? तू आहेस की! हा आर्तो मी तुला दिला, सरदारा, ने घेऊन. सरदारानं क्षणाचाही विलंब न लावता आर्तोच्या झग्याची कड पकडली आणि पाचशे लिव्र मोजून घेतल्यावरच सोडली. खानावळ हसून हसून बेजार होते. पण जरा बघा, कोण हसतंय आणि कोण नुसतंच दात दाखवतंय. गावातले पैसेवाले दुसऱ्या गटात आहेत.

सध्याच्या धन्याची कथा निराळी. बाप वारल्यावर जन्मलेलं हे पोर. आईनं, ब्लांशनं, एकवीस वर्षं मुलूख सांभाळला तेव्हा कुठे गादी त्याच्या हाती आली. पुढे मामाकडून नाव्हारचं राज्यही मिळालं, म्हणजे तो आता काउंटही आणि राजाही. शिवाय कवी. प्रेमगीतं रचतो, चाली लावतो, आणि आपली गाणी त्यानं इथल्या आणि प्रोव्हँच्या वाड्यातल्या भिंतींवर लिहवून घेतली आहेत म्हणे. राणीसाहेबांवर, म्हणजे फ्रान्सच्या राजाच्या आईवर, त्याचा जीव जडल्याची कुजबुजही आहे. हे मोठ्यानं बोलू नका.

रात्री पेंढ्याच्या गादीवर तुमच्याबरोबर आणखी दोघं असतील. एकाच्या पायाला वास, दुसऱ्याच्या घोरण्याला ताल. पिसवा तिघांत भेदभाव करत नाहीत. बाहेर पहारेकऱ्यांचे पाय वाजतात, मशालीचा उजेड फटीतून छतावर सरकतो. एवढ्या परक्यांच्या गावात, उशाखाली पैशांची पिशवी ठेवून तुम्हाला झोप लागते. काउंट म्हणजे काय, याचं याहून रोकडं उत्तर कुणी देणार नाही.

सकाळी मिरीपाशी जायचा मोह तुम्हाला आवरणार नाही, हे मला माहीत होतं. गोणीत हात घातलात, मूठ नाकाशी नेलीत, घर आठवलं, आणि फणीची सगळी नाणी संपलेली असताना तुम्ही ‘घेतो’ म्हणून बसलात. हरकत नाही. इथे निम्मा व्यवहार उधारीवरच चालतो, या बाजारात घ्यायचं आणि पुढच्यात फेडायचं. लिहिणारा नाव विचारतो, गाव विचारतो, रक्कम लिहितो. चामड्याच्या पानावर बाजाराची मोहोर उमटते. तापलेल्या मेणाचा वास येतो आणि तुम्ही बांधले गेलात.

ही व्यवस्था कायम टिकणार नाही, ते खरं. आणखी चाळीसेक वर्षांत शॅम्पेनची वारस मुलगी, जान, फ्रान्सच्या राजपुत्राशी लग्न करेल. नवरा राजा होईल आणि काउंटची गादी हळूहळू राजमुकुटात विरून जाईल. जिनोआची जहाजं समुद्रानं वळसा घालून थेट फ्लँडर्सला जायला लागतील आणि घाटातली खेचरं कमी होतील. ज्या धन्याचं पोट बाजारावर होतं, तो बाजाराला जपत होता. राजाला पोटासाठी इतर बरंच काही आहे.

पण तुम्हाला त्याची वाट बघत बसता येणार नाही. तुमची मुदत थंड बाजारापर्यंत आहे. तोवर पैसे आले नाहीत तर बाजाराचे रक्षक तुमच्या गावच्या अधिकाऱ्यांना लिहितील, देणेकऱ्याकडून वसूल करून द्या. त्यांनी टाळाटाळ केली तर तुमच्या गावच्या एकूणएक व्यापाऱ्याला शॅम्पेनचे सहाही बाजार बंद. तेव्हा वेळेवर फेडा. बाकीच्या गावकऱ्यांनी तुमचं काय घोडं मारलंय?