दाबाच्या काट्याची कुळकथा

चुडावा हे परभणी जिल्ह्यातलं, पूर्णा-नांदेड लोहमार्गावरचं स्टेशन. विसाव्या शतकाच्या तोंडावर, निजामाच्या राजवटीत, इथून मीटरगेजची लाइन गेली. तिच्यावर धावणाऱ्या वाफेच्या इंजिनांबरोबर ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोरचा दाबाचा काटाही या मुलखात आला. टर्बोचार्जर लावलेल्या विमानातलं गेज त्याच काट्याचं भावंड आहे.

तो काटा युजेन बूर्दों या फ्रेंच कारागिराचा. पेटंट १८४९ चं. आत चपटी, वाकवलेली धातूची नळी असते आणि तिचं एक टोक बंद. वाफ शिरली की जत्रेतल्या कागदी पिपाणीसारखी ती उलगडू पाहते आणि बंद टोकाची ती जराशी हालचाल दातेरी चाकांवरून काट्यापर्यंत पोचते. वायपी जातीच्या मीटरगेज इंजिनाचा बॉयलर चौरस इंचाला २१० पौंडांचा. हा आकडा बाहेरच्या हवेच्या वरचा, कारण बूर्दोंच्या नळीचं शून्य म्हणजे भोवतालची हवा. रुळावर त्याने काही बिघडत नाही.

विमानाचं तसं नाही. वर जावं तशी हवा विरळ होते, म्हणजे ते शून्यच घसरत जातं. त्यावरचा उपाय आधीच तयार होता: ल्युसियाँ विदी या फ्रेंच संशोधकाने १८४४ मध्ये केलेली, हवा काढून बंद केलेली धातूची डबी. तिचं शून्य तिच्या पोटातच असतं. इंजिनात हवा नेणाऱ्या नळीतला, म्हणजे मॅनिफोल्डमधला, दाब मोजणाऱ्या विमानातल्या मॅनिफोल्ड प्रेशर गेजने हीच डबी घेतली.

तिची गरज का पडली, ते १९१८ मध्ये दिसलं. त्या वर्षी ब्रिटिशांचं ११० वं स्क्वाड्रन निजामाने देणगी दिलेली डीएच-९ए विमानं घेऊन फ्रान्सला गेलं. त्या विमानांत अमेरिकी लिबर्टी इंजिन होतं. त्याच जातीचं इंजिन त्याच वर्षी सॅनफर्ड मॉस या अमेरिकी अभियंत्याने कोलोरॅडोतल्या पाइक्स पीकवर, १४,१०९ फुटांवर नेलं. सपाटीवरचे ३५० अश्वशक्ती तिथे २३० वर आले होते. हवा दाबून भरणारा टर्बोचार्जर (टर्बो) जोडल्यावर ते ३५६ झाले. मात्र इंजिनात हवा कोंबता येऊ लागली, तशी ती किती कोंबायची याची मर्यादाही पाळावी लागली. ती ओलांडली तर मिश्रण अवेळी पेटतं आणि पिस्टन फुटतो.

१९४० मध्ये, चुडावा हैदराबाद संस्थानात असतानाच, १५२ वं ‘हैदराबाद’ स्क्वाड्रन इंग्लंडवर स्पिटफायर उडवत होतं. त्याच्या बोधचिन्हावर निजामाचं शिरोभूषण होतं. स्पिटफायरच्या मर्लिन इंजिनाचा सुपरचार्जर इंजिनावरच फिरे. त्याचं बूस्ट गेज सपाटीवरच्या प्रमाण दाबाला शून्य धरून पौंडांत वाचे: साध्या इंधनावर अधिक ६, तर १०० ऑक्टेनवर अधिक १२. अमेरिकी गेज पाऱ्याच्या इंचांत तोच दाब अनुक्रमे सुमारे ४२ आणि ५४ दाखवतं. भाषा दोन, पण शून्य दोघांचंही न हलणारं.

टर्बो लावलेल्या विमानासाठी गेज निवडताना हीच गोष्ट आधी पाहावी. मोटारीच्या दुकानातलं बूस्ट गेज बहुधा भोवतालच्या हवेपासून मोजतं. १८,००० फुटांवर बाहेर साधारण १५ इंच दाब असतो. टर्बोने मॅनिफोल्डमध्ये ३० इंच धरले, तर ते गेज सुमारे सात पौंड बूस्ट दाखवेल. इंजिनाला मात्र सपाटीइतकीच हवा मिळत असेल. त्याच गेजवर सपाटीला सात पौंड चढवले, तर मॅनिफोल्डमध्ये ४४ इंच होतील. काटा एकाच खुणेवर आणि इंजिनावरचा भार दीडपट!

म्हणून निरपेक्ष, म्हणजे निर्वातापासून मोजलेला, दाब दाखवणारं गेजच घ्यावं. त्याचा पल्ला इंजिनाच्या कमाल आकड्याच्या पुढे जाणारा हवा. ३५ इंचांवर संपणारं गेज टर्बोला अपुरं पडतं. लाल रेघ इंजिनाच्या पुस्तिकेनुसारच असावी. पारखही सोपी आहे: इंजिन बंद असताना काट्याने त्या जागेचा हवेचा दाब दाखवला पाहिजे. समुद्रसपाटीपासून पावणेचारशे मीटरच्या आसपास असलेल्या आपल्या भागात तो साधारण साडेअठ्ठावीस इंच येतो. उभ्या विमानात शून्य दाखवणारं गेज कितीही देखणं असलं, तरी या कामाचं नाही.