सुरगाणा : नागली-वरई संशोधन आणि पोषण
नाशिक जिल्ह्यातील या आदिवासीबहुल तालुक्यात डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नागली व वरई पिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. पॉलिश केलेल्या तांदळात त्याचा दशांशही नसतो. म्हणून रेशनच्या तांदळाने पोट भरते, मग नागलीवर संशोधन कशाला, हा आक्षेप टिकत नाही. उत्पादन भातापेक्षा कमी, हे खरे. पण उतारावर भाताला लागणारे पाणी साचत नाही, तेव्हा तुलना पडीक जमिनीशीच करायला हवी. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या इगतपुरी केंद्रात या पिकांवर काम चालते. मात्र नुसते सुधारित वाण पुरत नाहीत. वरईचे टणक टरफल उखळात कांडण्याचे कष्ट बायांच्याच वाट्याला येतात. गावात कांडणयंत्र नसेल, तर वाढलेले पीक बाजारात जाते आणि घरच्या ताटात भातच उरतो.